कालप्रवास आणि जनुकं बदललेली माणसं, दोन्ही असलेली कादंबरी सुचवा (बजेट ५००)

हर्णैबंदर: नमस्कार मंडळी. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होडी शाकारून ठेवलीय, वेळच वेळ आहे. कालप्रवास आणि जनुकं बदललेली माणसं असलेली विज्ञान कादंबरी हवी. कथासंग्रह नको. स्क्रीनवर वाचणार नाही, डोळे चुरचुरतात. सोपं इंग्रजी चालेल. पाचशेच्या आत.

काजूगर: किंडल घ्या. पावसात पुस्तकांना बुरशी येते, माझं अर्धं कपाट गेलं. महाग पडतं, पण एकदाच.

सड्यावरचा: वेल्सची 'द टाइम मशीन', १८९५. विषय संपला. गडी थेट ८,०२,७०१ सालात पोचतो, तिथे माणसाच्या दोन जाती झालेल्या. पातळ पुस्तक, एका दुपारचं काम.

आबोलीबाई: सड्यावरचे, ती उत्क्रांती आहे हो, जनुकं कोणी बदललेली नाहीत. 'जीन' हा शब्दच १९०९चा. हर्णैबंदर, नॅन्सी क्रेसची 'बेगर्स इन स्पेन' (१९९३) बघा. गर्भातच जनुकं बदलून झोपेची गरज काढून टाकलेली मुलं. नायिकेची जुळी बहीण मात्र साधी, आपल्यासारखी झोपणारी. बापाचं लक्ष कोणाकडे, ते वाचाच. कालप्रवास नाही, पण जनुकांचा भाग इतका नीट लिहिलेला मी दुसरीकडे वाचला नाही.

सड्यावरचा: कालप्रवास नाही तर सुचवता कशाला? नारळीकरांची 'यक्षांची देणगी' घ्या त्यापेक्षा.

वेंगुर्लेकर: तो कथासंग्रह आहे. पहिली पोस्ट वाचा की जरा.

खाजावाला: आंब्याचा कलम करतव ता पण जनुक बदलणाच ना? मग आमी कोकणातले सगळे शास्त्रज्ञच.

आबोलीबाई: नाही. कलमाच्या फांदीत मूळ झाडाचीच जनुकं राहतात, खुंट तेवढा दुसऱ्याचा. म्हणून तर हापूस हापूसच लागतो.

वेंगुर्लेकर: संकर वेगळा. आमच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातला रत्ना आंबा नीलम आणि हापूसच्या संकरातून आला, १९८१ साली. पण तोही पराग टाकून केलेला, प्रयोगशाळेत जनुक कापून नव्हे.

काजूगर: रत्नाची झाडं आहेत माझ्याकडे. चव हापूससारखी नाही, कोणी काहीही सांगो.

वेंगुर्लेकर: तुमच्या जमिनीचा दोष.

हर्णैबंदर: पुस्तकाचं बोलूया का?

बावनदीकाठ: जो हाल्डेमनची 'द फॉरेव्हर वॉर', १९७४. यंत्रात बसून काळात जाणं नाही. सैनिक प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास करतात, त्यांची काही वर्षं जातात तोवर पृथ्वीवर शतकं उलटलेली असतात. शेवटी घरी येतात तेव्हा माणसं क्लोन झालेली, म्हणजे एकाच जनुकांच्या हुबेहूब नकला! तुमच्या दोन अटींच्या सगळ्यात जवळ हीच. इंग्रजी सोपं, वाक्यं छोटी. विकत घ्यायचीच असं नाही, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून आहे, आधी तिथे विचारा. आणि ऑनलाइन मागवलंत तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाठवा म्हणून लिहा. माझं पार्सल ओलंचिंब आलं, पानं एकमेकांना चिकटलेली, परत घ्यायलाही तयार नाहीत.

काजूगर: म्हणूनच म्हटलं, किंडल.

सड्यावरचा: क्लोन म्हणजे जनुकं बदललेली नव्हेत. आबोलीबाई, आता गप्प का?

आबोलीबाई: बरोबर आहे तुमचं. तरी 'टाइम मशीन'पेक्षा जवळ.

हर्णैबंदर: सर्वांचे आभार. काल दापोलीला गेलो होतो, दुकानात हक्स्लेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' दिसली. उभ्याउभ्या पहिलं प्रकरण वाचलं: बाटल्यांतून वाढणारी बाळं, मजूर हवे असतील त्यांना प्राणवायू कमी. घेऊन टाकली. पाचशेत बसून वर वडापावचे पैसे उरले.

आबोलीबाई: अहो, १९३२ची आहे ती. कालप्रवास नाही आणि जनुकबदलही नाही!

हर्णैबंदर: माहितीय. मी दोनशेव्या पानावर आहे.

खाजावाला: वाचून झाला काय माका देवा. पोस्टाचो खर्च मी देतंय.