डाव्याच कानात सूंऽऽ, आणि मी डीपीला दोष देत बसलो

केळीवाला_रावेर:
तीन आठवडे झाले. रात्री अंथरुणावर पडलं की डाव्या कानात सूंऽऽ चालू. वाटायचं, बांधावरची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) गुणगुणतेय. परवा लाईनच गेली, डीपी मुकी झाली, तरी कानातलं चालूच! बायकोला उठवून विचारलं, तिने मलाच वेड्यात काढलं. वय 47, उजवा कान ठणठणीत. सासूबाई म्हणतात लसणाचं कोमट तेल घाला. घालू का?

ओपीडीतली_ताई:
तेल नको भाऊ. पडद्याला छिद्र असलं तर ते थेट आत उतरतं. आधी मनगटाची नाडी धरून ऐका. ठोक्याबरोबर धप-धप होत असेल तर रक्तवाहिनी, बीपी, रक्त कमी असणं, हे सगळं तपासावं लागतं. त्यात दिरंगाई नको. टकटक-फडफड असेल तर कानातल्या बारीक स्नायूची उबळ असू शकते. गिळताना कट्ट वाजलं तर नाकाकडून कानाकडे जाणारी नळी, सर्दीत होतं तसं. नुसतं सूं असेल तर मळापासून बघायला लागायचं. आणि ऐकूच अचानक कमी आलं असेल तर इथे लिहीत बसू नका, आजच डॉक्टर गाठा. त्यावरचं औषध पहिल्या दोन आठवड्यांतच नीट लागू पडतं.

जिनिंगवाला:
ट्रॅक्टर स्वतः चालवता का? आमचे जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) आवाजाने दोन्ही कान गेले, तुमचा एकच म्हणून विचारतो. रोटाव्हेटर मारताना उजव्या खांद्यावरून मागे बघत असाल, तर डावा कान सगळा वेळ इंजिनाकडे.

केळीवाला_रावेर:
अरे भो! अस्संच बसतो मी, 11 वर्षं झाली. नाडीचा काही संबंध दिसत नाही. चक्करही नाही.

ओपीडीतली_ताई:
चक्कर नाही हे बरं. तिच्यासोबत कान भरल्यासारखा वाटला असता तर मेनियरचा, म्हणजे आतल्या कानाच्या आजाराचा, संशय घ्यावा लागला असता. तरी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कराच. एकाच कानाची तक्रार असली की डॉक्टर एमआरआय सांगू शकतात. ऐकण्याच्या नसेवर क्वचित गाठ असते, ती बघायला. कॅन्सरची नसते ती, लगेच घाबरू नका.

केळीवाला_रावेर:
जळगावला जाऊन आलो. दगडासारखा मळ निघाला, सूं निम्म्यावर आलं. पण ऑडिओमेट्रीच्या आलेखात 4000 हर्ट्झला, म्हणजे बारीक-उंच आवाजाला, खड्डा आहेच, डाव्याला जास्त; ही मोठ्या आवाजाने कान बिघडल्याची खूण, म्हणजे ट्रॅक्टरच. एमआरआय बुधवारी. तोवर पंखा लावून झोपतो, त्याच्या घरघरीत कानातलं बुडून जातं. लसूण सासूबाईंनी शेवभाजीत वापरला.