हिंगणे, एरंडवणे की चर्चगेट? कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या जागांबद्दल

रानजाई:
नमस्कार. आजीच्या ट्रंकेत तिचं पदवीपत्र सापडलं. आजी ‘जी. ए.’ होती आणि कर्व्यांच्या विद्यापीठाची होती, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती शिकली नेमकी कुठे, यावर एकमत होत नाही. मामा म्हणतो हिंगण्याला, मावशी म्हणते नळस्टॉपच्या एसएनडीटीत. मी मुंबईची, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे चर्चगेटची इमारत येते. पदवीपत्रावर साल १९२९ आहे. एकाच विद्यापीठाच्या इतक्या जागा कशा झाल्या, आणि १९२९ मध्ये आजी यातल्या कुठल्या फाटकातून आत जात असेल, हे कुणी सांगू शकेल का?

कर्वेनगरची:
रानजाईताई, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझी आई हिंगण्याच्या शाळेत शिक्षिका होती, मी तिथेच वाढले आणि पुढे बी. ए. नळस्टॉपला केलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट वेगळी करायला हवी. हिंगण्याची संस्था आणि विद्यापीठ या दोन स्वतंत्र संस्था आहेत. दोन्ही अण्णांच्याच, म्हणून लोक सर्रास एक धरतात. (हिंगण्यात महर्षी धोंडो केशव कर्व्यांना अण्णाच म्हणत, मीही तेच लिहिते.) हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर. तिथे शाळा, वसतिगृहं, मुलींचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय हे जे सगळं दिसतं, ते महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं. विद्यापीठाचं पुण्यातलं आवार कर्वे रस्त्यावर नळस्टॉपजवळ, म्हणजे एरंडवण्यात आहे. मामा आणि मावशी दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे ते यामुळेच.

सुरुवात १८९६ ची. अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला तो पुण्यात. मग प्लेग आला आणि आश्रम गावाबाहेर न्यावा लागला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली, वर झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. १९०० सालची ती झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे. त्या काळी हिंगणे म्हणजे रानच. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि तिथून चालत आश्रमात यायचे. पावसाळ्यात त्या वाटेवर नुसता चिखल. आई आम्हा मुलांना झोपडीपाशी उभं करून हे सांगायची. लहानपणी त्यातलं फारसं पोचलं नाही. पुढे स्वतः नोकरी करून संध्याकाळी दमून घरी यायला लागले तेव्हा त्या चालण्याची किंमत कळली.

विद्यापीठाची कल्पना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका अण्णांच्या हाती पडली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी तशा विद्यापीठाची योजना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. कुलपती रा. गो. भांडारकर, कुलगुरू र. पु. परांजपे, आणि विद्यार्थिनी पाच! अण्णा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. वर्ग हिंगण्यालाच भरले, कारण दुसरी जागाच नव्हती. शिकवणं मातृभाषेतून, इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा. तुमच्या आजींची जी. ए. म्हणजे ‘गृहीतागमा’, त्या विद्यापीठाची बी. ए. च्या जागची पदवी. तिच्या वरची ‘प्रदेयागमा’.

हे सगळं खासगी होतं, सरकारची मान्यता नव्हती. या पदवीवर सरकारी नोकरीची आशा धरता येत नसे आणि तरी लोक मुली पाठवत होते. मला या इतिहासातलं सर्वांत मोठं वाटतं ते हेच. ही पदवी घेणाऱ्या मुलींची आणि त्यांना घेऊ देणाऱ्या घरांची नावं कुठल्या रस्त्याला नाहीत, पण त्यांच्याशिवाय विद्यापीठ दोन वर्षंही टिकलं नसतं. म्हणून ते पदवीपत्र नीट जपा. लॅमिनेशन करू नका, कागद खराब होतो.

पैशांची गोष्टही जागेशीच जोडलेली आहे. डॉ. विठ्ठल राघोबा लांडे यांनी चाळीस हजारांहून अधिक रुपयांची मिळकत दिली, ती पहिली मोठी देणगी. मग सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला गेले, त्यांनी ते टोकियोचं विद्यापीठ स्वतः पाहिलं, आणि १९२० मध्ये पंधरा लाख रुपये देऊ केले. साडेतीन टक्क्यांनी त्याचं वर्षाला साडेबावन्न हजार व्याज. तेव्हापासून विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव आलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजेच एसएनडीटी. हा आधार मिळाला म्हणून विद्यापीठ हिंगण्याच्या बाहेर पडून एरंडवण्याला स्वतःच्या इमारतीत जाऊ शकलं. आश्रम आणि शाळा हिंगण्यालाच राहिल्या.

मुंबईचं कॉलेज १९३१ चं आणि विद्यापीठाचं मुख्य कार्यालय मुंबईला हललं १९३६ मध्ये. तेव्हा १९२९ साठी चर्चगेट सोडून द्या. माझा अंदाज एरंडवणे. आजींचा काही फोटो किंवा पत्र आहे का?

सांताक्रूझवासी:
छान माहिती, ताई. मुंबईच्या बाजूने थोडी भर घालतो. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी. तेव्हाच्या कुलगुरू लेडी प्रेमलीला ठाकरसी, सर विठ्ठलदासांच्या पत्नी. आमच्याकडे जुहू रस्त्यावर जे मोठं आवार आहे, सर विठ्ठलदास विद्याविहार, ते त्यानंतरच्या वाढीचं. प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निक १९७६ चं, फार्मसी १९८० ची, अभियांत्रिकी १९९७ ची. माझी बहीण तिथे फार्मसीला होती. चर्चगेटला जागा पुरत नाही हे तेव्हाही सगळे बोलायचे.

रानजाई:
दोघांचेही मनापासून आभार. आत्ता ट्रंक पुन्हा उघडली. एक ग्रुप फोटो आहे, आठ मुली आणि दोन शिक्षक, मागे दगडी पायऱ्या. फोटोच्या पाठीवर आजीच्या अक्षरात ‘एरंडवणे, निरोपसमारंभ’. पण त्याच पुडक्यात हिंगण्याहून तिने वडिलांना लिहिलेलं पत्रही आहे, १९२४ चं. मग काय समजायचं?

कर्वेनगरची:
दोन्ही खरं, रानजाईताई! १९२४ मध्ये त्या हिंगण्याच्या शाळेत असणार, वसतिगृहात राहून. तिथून पुढे एरंडवण्याला कॉलेज. पाच वर्षांचं अंतरही बरोबर जुळतं. हा त्या काळच्या हिंगण्याच्या मुलींचा सरळ मार्ग होता.

पत्रात जेवणाबद्दल, स्वयंपाकाच्या पाळ्यांबद्दल, बाया कर्व्यांबद्दल (अण्णांच्या पत्नी) किंवा पार्वतीबाई आठवल्यांबद्दल काही असेल तर कृपा करून इथे टंकून टाका. पार्वतीबाईंनी आश्रमासाठी गावोगाव फिरून पैसे जमवले, इंग्रजी जेमतेम येत असताना अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांना वसतिगृहातल्या मुलीच्या नजरेतून पाहिलेलं मी अजून कुठे वाचलेलं नाही. आणि फोटो स्कॅन करताना पाठची बाजूही करा. नळस्टॉपच्या आवारात माझ्या वेळच्या दोन मैत्रिणी पुढे शिकवत होत्या. पायऱ्या कुठल्या इमारतीच्या आहेत ते मी त्यांना दाखवून विचारते.