पाणीटंचाई: दोष पावसाचा की वाटपाचा?

ओलावा:
टंचाई म्हटली की सगळे आधी आभाळाकडे बोट दाखवतात. मला हे पटत नाही. पाणी मुळातच कमी असणं ही भौतिक टंचाई. पाणी आहे, पण ते घरापर्यंत आणायला पैसा आणि यंत्रणा नाही, ही आर्थिक टंचाई. कांगो नदी पाण्याच्या प्रवाहात ॲमेझॉनच्या खालोखाल, आणि तिच्याच खोऱ्यात लाखो लोकांना पिण्यालायक पाणी मिळत नाही. तिथे पावसाला कसा दोष देणार? माझं ठाम मत आहे की बहुतेक टंचाई माणसाने ओढवलेली असते.

भूजल:
अर्धीच बाजू मांडलीत. जलशास्त्रज्ञ मालिन फाल्कनमार्क यांच्या निकषानुसार माणशी वर्षाला १७०० घनमीटरच्या खाली पाण्याचा ताण, १००० च्या खाली टंचाई आणि ५०० च्या खाली तीव्र टंचाई. जॉर्डन १०० च्याही खाली आहे. तिथे कितीही न्यायाने वाटा, पुरणार कुठून? माणसं वाढली, पाऊस तेवढाच राहिला, हेही कारणच आहे.

ओलावा:
जॉर्डनचं मान्य. पण मध्य आशियातल्या अरल समुद्राचं काय? १९६० च्या सुमारास ते जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. त्याला पाणी देणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाच्या शेतीकडे वळवल्या आणि सरोवर आटलं. आटलेल्या तळावरचं मीठ वाऱ्याने उडून शेतांवर, माणसांच्या छातीत गेलं. हे पावसाने केलं नाही.

भूजल:
मग अमेरिकेतली कोलोरॅडो नदीही बघा. १९२२ च्या करारात तिचं पाणी राज्यांच्या दोन गटांत वाटलं. हिशेबाला धरलेली वर्षं नेमकी भरपूर पाण्याची निघाली, म्हणजे नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटलं गेलं. आता बहुतेक वर्षी ती समुद्रापर्यंत पोचतच नाही. निसर्गाची मर्यादा आधी मोजा, वाटपाचं मग बोला. मी एवढंच म्हणतोय.

रहाट:
तुम्ही दोघं नद्यांवरच अडकलात. गावात हातपंप बसला की सरकारदरबारी तिथली टंचाई संपते. आतल्या दट्ट्याचं वॉशर झिजलं की कितीही हापसा, पाणी वर चढत नाही. वॉशर काही महाग नसतं, पण ते बदलायला पाइप वर ओढावे लागतात. ते काम येणारा माणूस नाही, सुटा भाग नाही, आणि बाया परत डबक्यावर. हा पंप कुठल्या आकड्यात दिसतो?
आणि गुणवत्ता? बांगलादेशात डबक्यांतल्या जंतूंपासून वाचायला लाखो कूपनलिका खोदल्या. १९९० च्या दशकात कळलं की त्यातल्या कितीतरींच्या पाण्यात आर्सेनिक आहे. पाणी भरपूर, पंप चालू, तरी ते प्यायचं नाही. याला मी टंचाईच म्हणेन.

भूजल:
गुणवत्तेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण जगात उपसलेल्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला जातं. ओलावा, वाटपच चुकलंय म्हणता, तर कपात कुणाची करायची तेही सांगा. शेतकऱ्याची?

ओलावा:
शेतकऱ्याची नाही, पिकाची. कोरड्या मुलखात जास्त पाणी पिणारी पिकं घेऊन परदेशी पाठवणं म्हणजे पाणीच पाठवणं. ते आधी थांबवा. त्या शेतकऱ्याला कमी पाण्याच्या पिकाला खात्रीचा भाव द्या. भाव न देता नुसतं पाणी तोडणार असाल, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

भूजल:
भाव द्यायलाच हवा. पण विहिरीचा उपसा मोजल्याशिवाय वाचलेलं पाणी जमिनीतच राहील याची खात्री नाही. शेजारचा ते उपसून नेईल.