सायकलवाला जखमी आणि केसपेपरवर ‘आरटीए’ (रस्ता अपघात) एवढंच लिहिलं, तर कोड काय लावायचा?

मांडवीकर: काल एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, ‘कॅज्युअल्टीत जखम लिहावी, धडक कशी झाली ते पोलीस बघतील.’ साफ चूक. आम्ही कोडिंगवाले केसपेपर वाचून आयसीडी-१०मधला, म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजार-अपघातांच्या यादीतला कोड लावतो. त्यावर नुसतं ‘आरटीए’ असेल तर व्ही ८९.२ लागतो, माणूस सायकलवर होता हेच पुसलं जातं. ‘सायकल’ एवढंच असेल तर व्ही १९.९. रिक्षाने किंवा स्कूटरने उडवलं तर व्ही १२, कारने व्ही १३, बस-ट्रकने व्ही १४. आपल्या बडोद्यात गाय आडवी येते. गायीवर आदळला तर व्ही १०, तिला चुकवताना डिव्हायडरवर गेला तर व्ही १७, नुसताच पडला तर व्ही १८. अंदाजाने लावायची आम्हाला मुभा नाही.

रात्रपाळी: अहो, रात्री चार जखमी एकदम येतात. श्वास, रक्तस्राव, जीसीएस (शुद्ध किती ते), मग एमएलसी (पोलीस केसची नोंद). कोडने हाड जुळत नाही. पेशंट म्हणतो ‘पडलो’, भाऊ म्हणतो ‘कारने ठोकलं’. कोणाचं लिहू?

मांडवीकर: दोघांचं लिहा, कोण काय म्हणालं त्यासकट.

रावपुरा_बिलिंग: आणि ई-सायकल? अमेरिकन विम्याच्या क्लेममध्ये ऑक्टोबर २०२२पासून ती मोटारसायकलच्या गटात आहे. रस्त्यावर कारशी धडक, चालवणारा जखमी: साधी सायकल व्ही १३.४एक्सएक्सए, ई-सायकल व्ही २३.४१एक्सए (एक्स नुसती जागा भरायला, ए म्हणजे उपचार चालू). पेपरवर मात्र दोन्हीला ‘सायकल’.

दांडियाबाजार: काहीतरीच! २५० वॅटच्या आत, ताशी २५ किलोमीटरच्या आत असली की आपला कायदा तिला मोटार वाहन धरत नाही. नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही. मोटारसायकल कुठून झाली?

रावपुरा_बिलिंग: कोडिंग आरटीओच्या नियमावर चालत नाही, दादा. डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१०मध्येही मोटर लावलेली सायकल मोटारसायकलमध्येच मोडते.

दांडियाबाजार: मग सायकलवाल्यांचे आकडे कमी दिसणार आणि तुम्ही म्हणणार, सायकल सुरक्षित आहे!

रावपुरा_बिलिंग: असं मी कुठे म्हटलं? ‘बॅटरीवाली’ एवढा एक शब्द लिहा, इतकंच मागतोय.

ड्रेसिंगरूम: बॅटरी राहू द्या. पोराच्या पोटावर हँडलच्या टोकाचा गोल वळ असतो आणि सगळे खरचटलेला गुडघा धुत बसतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला किंवा स्वादुपिंडाला मार लागला असेल तर कधीकधी दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्यावर कळतं. पेपरवर ‘हँडल पोटात’ असतं तर पोराला घरी न पाठवता ठेवून घेतलं असतं. धडक कशी झाली, हे पोलिसांसाठी नाही लिहायचं.

रात्रपाळी: हँडलचं मान्य. बरं, कशावर होता, कशाशी धडकला, चालवत होता की डबलसीट, किती मिनिटं बेशुद्ध, एवढं लिहीन. त्यापुढे मागू नका.

मांडवीकर: एकच मागतो. डबलसीटने कोडमधला टिंबानंतरचा अंक ४चा ५ होतो, ते आलं. पण फ्रॅक्चर उघडं की बंद, तेही लिहा. कॉलरबोनला एस ४२.०, त्यापुढे बंद असेल तर ०, उघडं असेल तर १. काहीच लिहिलं नाही तर ते बंद धरायचा नियम आहे. जखमेतून हाड दिसत असलं तरी नोंदीत ते बंदच जातं.