परी, आसरा आणि मूठभर मीठ

होली ब्लॅक यांच्या 'द क्रुएल प्रिन्स' (२०१८) या कादंबरीतल्या पऱ्या क्रूर आहेत, आणि परी इतकी दुष्ट कशी असेल, असा प्रश्न कुणालाही पडेल. आम्हा तापीकाठच्यांना यात नवल नाही. आजी डोहाकडे बोट दाखवून म्हणायची, "तठे आसरा शेतस, एकली जाऊ नको." म्हणजे तिथे आसरा, पाण्यातल्या भुरळ घालणाऱ्या बायका, आहेत; एकटी जाऊ नकोस.

म्हणूनच हे पुस्तक मी भुसावळच्या उकाड्यात, गच्चीवर, दोन रात्रींत संपवलं. आईवडिलांना मारणाराच सात वर्षांच्या ज्यूडला, म्हणजे नायिकेला, पऱ्यांच्या राज्यात नेऊन वाढवतो, आणि तिचा त्याच्यावर जीवही जडतो! मोहिनी पडू नये म्हणून ती अन्नावर मीठ घालते. तिथे मला आजीची दृष्ट काढणारी मीठमिरचीची मूठच दिसली. पऱ्यांना खोटं बोलता येत नाही, ज्यूडला येतं. तिचं खरं हत्यार तेच. शेवट सांगत नाही. पुढचे दोन भाग मागवलेत.