चुसॉकचा तवा कोणी धरायचा?

हळदीचं पान:
दक्षिण कोरियातल्या सुवॉनमध्ये राहून सहा वर्षं झाली. चुसॉक म्हणजे कोरियन आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. सकाळी पूर्वजांपुढे ताट मांडून नमस्कार करायचा, त्याला चार्ये म्हणतात. आदल्या दिवशी शेजारच्या काकू जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून विजेच्या तव्यापुढे बसतात. माशाचे काप, झुकिनीच्या चकत्या, खिम्याच्या टिक्क्या पिठात घोळवून, अंड्यात बुडवून परतत राहतात. या प्रकाराला जॉन म्हणतात. संध्याकाळपर्यंत कंबर आखडते. आणि पूर्वज कोणाचे? नवऱ्याचे! काकूंचं माहेरचं आडनावही लग्नानंतर बदललेलं नाही, म्हणजे कागदोपत्री त्या या कुळातल्या नाहीतच.

२०२२च्या चुसॉकआधी सोलच्या सुंगक्युनग्वानने जाहीर केलं की तळलेलं-परतलेलं ठेवायची गरज नाही, नऊ पदार्थ पुरेत, नावाच्या चिठ्ठीऐवजी फोटो ठेवला तरी चालेल. सुंगक्युनग्वान म्हणजे १३९८ सालचं कन्फ्यूशियन विद्यापीठ, या बाबतीतला शेवटचा शब्द. तरी तवा तापतोच आहे. माझं मत: ताट लहान करून भागणार नाही. एक पिढी चार्ये बंद ठेवा.

उल्सान रिटर्न:
साफ असहमत. पोळी करपली म्हणून चूल मोडायची? मी जहाजबांधणीच्या कामात चार वर्षं तिकडे काढली. सणाआधी डोंगरावरच्या थडग्यांवरचं गवत काढतात, त्याला बॉलचो म्हणतात. ते काम पुरुषांचं. दरवर्षी कोणाला गांधीलमाशा चावतात, कोणाचा पाय यंत्राखाली येतो. ताटातले चेस्टनट सोलून त्यांना आकार देणं हेही जुन्या घरांत पुरुषांकडेच. वर्षभर तोंड न बघणारे तीन भाऊ त्या एका सकाळी एकत्र वाकतात. ते बंद केलंत तर पुढच्या वेळी भेटतील ते मयतीलाच.

हळदीचं पान:
गवत एका सकाळचं काम. आणि वाकतात कोण? कित्येक घरांत चार्ये चालू असताना बायका स्वयंपाकघरातच असतात. त्यानंतर भांडी, मग दुपारी कुठे माहेरी जायला सुटका. या दुखण्याला कोरियनमध्ये चक्क नाव आहे, 'म्यॉंगजॉल जुंगहुगुन', सणाचा आजार.

शंभर नंबरी:
दोघंही ताटाभोवती फिरताय. मुद्दा यजमानपणाचा आहे. थोरला मुलगा यजमान, म्हणून थोरली सून राबणार. मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८चा स्वतःचाच निकाल फिरवला. वारसांचं एकमत झालं नाही तर मुलगा-मुलगी न बघता सर्वांत मोठं अपत्य यजमान. थोरली मुलगी यजमान झाली की जावई बसेल का तव्यापुढे? बसला तर मी 'उल्सान रिटर्न' यांच्या बाजूने.

कावळा शिवला:
गंमत बघा. २०२२, २३ आणि २४, तिन्ही वर्षी चुसॉक आपल्या भाद्रपद पौर्णिमेलाच होता. त्यांचं आटोपतं आणि आपला पितृपक्ष लागतो. फरक इतकाच, की त्यांचा तो मोठा सण आणि आपल्याकडे त्या पंधरवड्यात कोणी साधी गाडीसुद्धा घेत नाही. बाकी आळूच्या वड्या कोण वळतं ते विचारू नका.

'बंद ठेवा' म्हणणाऱ्यांसाठी: हे आधी होऊन गेलंय. १७९१ मध्ये युन जी-चुंग या कॅथलिक माणसाने पूर्वजांच्या नावाच्या पाट्या जाळल्या, त्याचं डोकं उडवलं. १९३९ मध्ये पोपनेच हे विधी करायला मुभा दिली. प्रोटेस्टंट घरांत आज ताटाऐवजी प्रार्थना असते. चार्ये गेलं, कुटुंबं राहिली. प्रार्थनेनंतरचं जेवण मात्र कोणी रांधलं, ते बायबलात नाही.

उल्सान रिटर्न:
प्रार्थनेला सोंगप्यॉनचा वास येत नाही हो. पाइनच्या पानांवर वाफवलेले ते तांदळाचे अर्धचंद्र, आत तीळ-मध. घरातली पोरंटोरं मिळून वळतात. हेही बंद?

हळदीचं पान:
सोंगप्यॉन राहू द्या, तो गप्पा मारत बसून वळला जातो. माझं भांडण जॉनशी आहे.
गेल्या वर्षीचं सांगते. काकूंनी अर्धं जॉन बाजारातून वजनावर आणलं, घरच्या टोपलीत नीट रचलं. सासूबाई चाखून म्हणाल्या, यंदा मासा ताजा मिळाला वाटतं.

उल्सान रिटर्न:
सासूबाईंना कळलं असणार. त्यांनीही चाळीस वर्षं तोच तवा धरला होता. चार्ये बंद करायला मी अजूनही असहमत.