खारीची शिकार म्हणजे बसून राहणं

एवढ्याशा खारीच्या शिकारीत असतं तरी काय, असं पुष्कळांना वाटतं. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो. मागच्या ऑक्टोबरात शेजारच्या आजोबांबरोबर एक दुपार जंगलात काढली, म्हणून सांगतो.

यात चालणं कमी, बसणंच जास्त. हिकरीच्या (अक्रोडाच्या कुळातल्या) झाडाखाली कुरतडलेल्या टरफलांचा ताजा सडा दिसला की तिथंच बुंध्याला टेकून बसायचं. वाळल्या पानांवर पाऊल वाजलं की सगळं चिडीचूप. बऱ्याच वेळानं वरून पुन्हा टरफलं टपटपू लागतात. करडी खार भारी हुशार. माणूस दिसला की खोडाच्या पलीकडे सरकते. मग एकानं वळसा घालायचा, दुसऱ्यानं जागचं हलायचं नाही, म्हणजे खार सरकून त्याच्या समोर येते.

आजोबांकडे पॉइंट टू-टू, म्हणजे बारीक गोळीची रायफल. मागे जाड खोड किंवा माती नसेल तर ते चाप ओढतच नाहीत, कारण चुकलेली गोळी मैलभर जाऊ शकते. हे मला फार मोलाचं वाटलं. दिवसाला ६ खारींची मर्यादा आहे. आम्हाला २ मिळाल्या. मंद आचेवर शिजवल्या, चव सशाच्या जवळची.

आपल्या भीमाशंकरच्या शेकरूशी मात्र याची गल्लत नको. ते राज्यप्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित.